हार घालायला फोटो पाहिजे

१९ जानेवारी, रविवार. पाटवड्यांसाठी बेसन घोटत होते. बेसन कढईत घट्ट व्हायला लागलं की हात थांबवून चालत नाही, गुठळ्या होतात. नेमक्या त्याच वेळी समोरच्या खोलीतून माझा मोठा भाऊ ओरडला, "कट!"

शूटिंगमध्ये कट कोण म्हणतं हे तोवर मलाही कळलं होतं. ते दिग्दर्शक म्हणतो. आणि दिग्दर्शक होती दादाची मुलगी, माझी भाची. दादाचं काम फक्त घर देण्याचं होतं. मी गॅस बंद केला आणि हातातल्या कलथ्यासकट बाहेर गेले. कढईतलं बेसन गेलंच. ते नंतर पुन्हा केलं.

आधी सिनेमाचं सांगते, म्हणजे दादा का ओरडला ते कळेल.

भाचीला पुण्यात नोकरी लागली आहे. फेब्रुवारीत रुजू व्हायचं होतं. त्याआधी एक तरी सिनेमा स्वतःचा करायचाच, असं तिने मनावर घेतलं होतं. मोठा नाही, तासाभराचा. गोष्ट तिने निवडली नॉर्वेची. तिकडचं शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं नाटक, सगळ्या जगात गाजलेलं. त्यात एक प्रतिष्ठित गृहस्थ असतो आणि तो मेलेला असतो. त्याच्या बायकोने त्याचे सगळे धंदे जन्मभर झाकलेले असतात आणि शेवटी त्याची फळं मुलाला भोगावी लागतात. नॉर्वेत म्हणे सारखा पाऊस पडत असतो. भाचीने पाऊस काढून टाकला आणि मे महिना घातला. घर आणलं आमच्या विणकर वस्तीत, गृहस्थाला दिली गांधीबागेत कापडाची पेढी. सगळं छान जमलं होतं, फक्त जानेवारीत मे महिना दाखवायचा होता. त्यामुळे तीन दिवस मंडळी स्वेटर काढून, तोंडावर घाम म्हणून पाणी मारून, हातात पंखे घेऊन कुडकुडत बसत होती. मुलाचं काम करणारा तरुण "किती उकडतंय" म्हणाला तेव्हा त्याचे दात वाजलेले मी स्वयंपाकघरातून ऐकले.

दादाकडून घर मिळवताना भाचीने त्याला एवढंच सांगितलं होतं की ही एक कौटुंबिक शोकांतिका आहे.

"कौटुंबिक आहे ना?" दादा म्हणाला होता. "मंग काही हरकत नाही. आजकाल कौटुंबिक कोण काढून राहिलं?"

मग भाची म्हणाली, भिंतीवर एक हार घातलेला फोटो पाहिजे. दादाची छाती फुगली. "पाहिजे कायले? आहे ना आपल्याकडे!" आणि त्याने आमच्या बाबांचा फोटो स्वतः पुसून, चंदनाचा हार झटकून, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर लावून दिला. बाबा माग चालवायचे, पुढे त्यांनी गांधीबागेत छोटंसं दुकान टाकलं. तेच दादा चालवतो. फोटोत बाबांची काळी टोपी, गळाबंद कोट, तोंडावर कमालीचा गंभीरपणा. आमचा बाप सिनेमात, असं दादाने अख्ख्या मार्केटला सांगितलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो दुकानात होता. रविवारी मार्केट बंद. त्यामुळे शूटिंगचा शेवटचा दिवस बघायला तो इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसला. आणि सिनेमातली विधवा बाई बाबांच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "तीस वर्षं तुमच्यावर पांघरूण घातलं मी. रात्री तुम्हाला गटारातून उचलून आणायचं आणि सकाळी लोकांना सांगायचं, शेठजींना बरं नाही."

म्हणून कट.

मी बाहेर आले तेव्हा दादा खुर्चीवर चढून बाबांना खाली काढत होता.

"माह्या बापाले गटारातून उचललं म्हणते! कोण उचललं? कवा उचललं?"

"बाबा, ते आजोबा नाहीत," भाची म्हणाली. "ते पात्र आहे."

"पात्र आहे तं फोटो पात्राचा लावा ना! माह्या बापाचा कायले लावला?"

"तुम्हीच तर दिला."

"म्या कौटुंबिकसाठी दिला होता!"

विधवेचं काम करणाऱ्या बाई एका बँकेत अधिकारी आहेत, नाटकांच्या स्पर्धांमधून बक्षिसं मिळवलेल्या. त्या पांढऱ्या साडीत, डोळ्यांत ग्लिसरीन घालून तशाच उभ्या होत्या. "साहेब, माझा तुमच्या वडिलांवर वैयक्तिक राग नाही," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या असल्यामुळे दादा क्षणभर विरघळला. पण क्षणभरच.

"माह्या बापानं चहाशिवाय काही पेलं नाही, बाई," तो म्हणाला. "तोही अर्धा कप." आणि बाबांना चंदनाच्या हारासकट टॉवेलमध्ये गुंडाळून तो आतल्या कपाटात ठेवून आला.

भाची मटकन पायरीवर बसली. आता तिची अडचण खरी होती. बँकेतल्या बाईंची रजा त्या दिवशी संपत होती, कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता, आणि संध्याकाळीच त्याच खोलीत वहिनीचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वहिनीने गल्लीभर बायांना कधीचं सांगून ठेवलं होतं. हळदीकुंकू पुढे ढकलणार नाही, हे तिने पहिल्या दिवशीच बजावलं होतं. आणि हा सीन शेवटचा. बाई फोटोसमोर उभी राहून नवऱ्याला पहिल्यांदा खरं बोलते. तो नाही झाला तर आधीचं सगळं वाया. नोकरी लागली की पुन्हा एवढी माणसं जमवणं तिला जमणार नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

"तुझ्या बापाला न सांगता तू त्याचा बाप कसा काय वापरलास?" मी विचारलं.

"आत्या, मला वाटलं बाबा बघतील तोवर एडिटिंग झालेलं असेल."

शिकलेल्या पोरी असा विचार करतात.

"आधीच्या शॉटमध्ये फोटो दिसतो का?" मी कॅमेरावाल्याला विचारलं.

तो म्हणाला, काचेवर उजेड पडून तोंड दिसतच नाही, लांबून फक्त चौकट आणि हार आहे एवढंच कळतं. तोंड दिसणार होतं ते या शेवटच्या सीनमध्ये. म्हणजे चौकट तेवढीच, हार घातलेला, पण माणूस दुसरा चालला असता. प्रश्न एवढाच होता की माणूस कुठला.

तुम्हाला वाटेल त्यात काय. मेलेल्या माणसांचा फोटो आमच्या वस्तीत कोणत्या घरात नाही? पण मागून बघा एकदा. वहिनी म्हणाली, जुन्या पेटीत हार नसलेला सासऱ्यांच्या चुलतभावाचा फोटो आहे. दादा म्हणाला, आमच्या खानदानातला एकही मिळणार नाही, तुझ्या माहेरचा लाव. वहिनी म्हणाली, "वा गा! तुमच्याकडचे देव आणि माह्याकडचे दारुडे काय?" पुढचा काही वेळ सिनेमा बाजूला राहिला.

भाची शेजारच्या काकूंकडे गेली. त्यांच्याकडे दोन फोटो आहेत, नवरा आणि दीर. काकूंनी आनंदाने विचारलं, "कोनता रोल आहे वं?" भाचीने खरं सांगितलं. काकू भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "माहे हे प्याले नसते ना पोरी, तं देल्ला असता. पण ते खरंच पेत होते. लोक म्हणतीन, हिनंच सांगितलं."

दिराचं विचारायची सोय उरली नाही.

कॅमेरावाला म्हणाला, नेटवरून कोणाचाही काढू. भाचीने मोबाइलवर दाखवलेले सगळे म्हातारे एक तर परदेशी दिसत होते, नाही तर केसांच्या तेलाच्या जाहिरातीतले. आणि मी म्हटलं, तोही कोणाचा तरी बापच असेल ना. उद्या त्याचा मुलगा खुर्चीवर चढून कट म्हणेल.

मग जिवंत माणसांकडे नजर वळली. कॅमेरावाला म्हणाला, त्याच्या आईला कळलं तर ती त्याला घरात घेणार नाही. आवाजाचं यंत्र सांभाळणारा म्हणाला, "मॅडम, माझं अजून लग्न व्हायचं आहे, स्थळं बघणं चालू आहे." दादाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

आमचे हे तोवर स्वयंपाकघरात होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते माझ्या हाताखाली आहेत. रामदासपेठेत माझी खानावळ आहे. दवाखान्यांत भरती असलेल्यांच्या नातेवाइकांना मी डबे देते. हे डबे भरतात आणि भरता भरता चव बघतात. शूटिंगचं जेवण माझ्याकडे असल्यामुळे चारही दिवस चव बघायला तेही आले होते. पाटवडीच्या रश्श्याची वाटी हातात घेऊन ते दारात आले आणि म्हणाले, "माहा लावा ना."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"फोटोले हार घातल्यानं माणूस मरत असता तं," हे म्हणाले, "सत्कार झालेला एकही पुढारी जगला नसता."

"जावईबापू!" वहिनीने तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नका. आज हळदीकुंकू आहे."

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाचीचे डोळे एवढे मोठे झाले होते. नाही म्हटलं असतं तर कोणीच काही म्हणालं नसतं. मी म्हटलं, "लावा. फोटो म्हणजे कागद."

भाचीने मला मिठी मारली. बेसन तिच्या केसांना लागलं.

यांचा फोटो मिळवणं ही आणखी एक कथा. यांच्या मोबाइलमध्ये यांचा एकही धड फोटो नाही. सगळे खाण्याच्या ताटांचे. माझ्याकडे एकच सापडला, पुतण्याच्या लग्नातला. फेटा बांधलेला, तोंड भरून हसू, गालावर कोणीतरी लावलेला गुलाल. नॉर्वेच्या शोकांतिकेतला तो पापी गृहस्थ.

"फेटा काढता येईल का?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

"फेट्यासकटच मेला असेल," कॅमेरावाला म्हणाला. इथून सगळ्यांना हसू आवरेनासं व्हायला सुरुवात झाली.

फोटो छापून चौकटीत बसवून आणायला कोण जाणार? हेच गेले. फोटोच्या दुकानात काय झालं ते परत येऊन त्यांनी करून दाखवलं. दुकानदाराने मोबाइलमधला फोटो बघितला, यांच्याकडे बघितलं आणि आवाज खाली करून विचारलं, "भाऊ होते काय?"

"नाही, मीच."

"म्हणजे कोणासाठी पाहिजे?"

"भिंतीवर लावाले. हार घालाचा आहे."

दुकानदाराने म्हणे खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. "घरी बायको आहे," हे म्हणाले, "तिनंच पाठवलं." त्यावर तो माणूस फोटो छापायला आतच निघून गेला. चौकट मात्र चांगली दिली, सोनेरी.

येताना हे झेंडूचा हारही घेऊन आले, कारण चंदनाचा हार दादा देईना आणि वहिनी हळदीकुंकवासाठी आणलेली फुलं द्यायला तयार नव्हती. स्वतःचा हार स्वतः पिशवीतून आणलेला माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

फोटो खिळ्यावर चढला. आता हार. वहिनी म्हणाली, मी हात लावणार नाही. भाची स्टूल घेऊन आली. "आत्या, तू घाल."

मी स्टुलावर चढले. हार उचलला. आणि हात वर जाईना.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला बाजूला करते. दवाखान्यांत डबे देताना इतक्या वर्षांत जे बघितलं त्यानंतर शकुन-अपशकुन कशाला मानायचे, तेवढा वेळ कोणाला आहे? पण फोटोतला माणूस हसत होता, माझ्या हातात झेंडू होता, आणि खांद्याच्या वर हात उचलवेना.

"काय झालं वं?" दादाने विचारलं.

"खांदा धरला," मी म्हटलं.

खाली स्टुलाचा पाय डगमगत होता. हे येऊन स्टूल धरून उभे राहिले. वर बघून म्हणाले, "घाल लवकर. बायका येतीन आता."

मी हार घातला.

"सरळ घाल," हे खालून म्हणाले. "डावीकडून जास्त लोंबून राहिला."

तेवढ्याने मी हसायला लागले. स्टुलावर उभं राहून हसू नये. त्यांनी धरलं होतं म्हणून पडले नाही.

त्यानंतर त्या खोलीत जे सुरू झालं त्याला हसणं म्हणणं बरोबर नाही. ती साथ होती. बँकेतल्या बाई फोटोसमोर उभ्या राहिल्या, भाची ॲक्शन म्हणाली, बाईंनी दीर्घ श्वास घेतला, "तीस वर्षं" म्हणाल्या आणि फुटल्या. फोटोतला माणूस फेटा बांधून हसत होता आणि तोच माणूस कॅमेऱ्याच्या बाजूला उजेड पाडायचा थर्माकोलचा पांढरा फळा धरून उभा होता. यांना बाहेर ओट्यावर पाठवलं. तर खिडकीतून यांच्या शिंका ऐकू यायला लागल्या. झेंडूचा यांना त्रास होतो. मेलेला माणूस भिंतीवर आणि शिंका बाहेरून. आवाजवाल्याने कानावरचा हेडफोन काढून जमिनीवर ठेवला आणि तो पोट धरून बसला. ज्याचे मे महिन्यात दात वाजत होते तो मुलगा शेवटी घामेजला होता.

दादा, ज्याने सकाळी बापासाठी एवढं रान उठवलं, तो आता खुर्चीत रेलून सल्ले देत होता. "जावईबापू दारुडे शोभून राहिले बरं काय. आमच्या बाबाले हा रोल जमलाच नसता."

फक्त भाची हसत नव्हती. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं आणि ती त्या उन्हाकडे बघत होती. स्वयंपाकघरात वहिनी वाणाचे डबे मांडत होती, तो आवाज येत होता.

बँकेतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "ताई, मला यांचा राग आला पाहिजे. यांचं काहीतरी वाईट सांगा ना."

अशी संधी आयुष्यात एकदाच मिळते. मी म्हटलं, भाजी कोणती करू विचारलं की "काहीही कर" म्हणतात, आणि केली की "हीच केली काय" म्हणतात. बाई म्हणाल्या, ते सगळेच म्हणतात, आणखी सांगा. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर मी सांगत असलेल्या गोष्टीचा शेवट हे आधीच सांगून टाकतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला स्टेशनवर उभं करून हे पोहे खायला गेले आणि गाडी सुटली. मी गाडीत, हे खाली. बाईंचा ओठ थरथरायला लागला. मला वाटलं राग येतोय. तो नव्हता.

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मग काय, पुढच्या गाडीने आले. माझ्यासाठी पोहे घेऊन."

बाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आता शेवटचा टेक," भाची म्हणाली. आवाज अगदी सपाट. "नंतर उजेड नाही. मी कट म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही."

बाई उभ्या राहिल्या. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकमेकांकडे बघितलं असतं तर संपलंच होतं. "तीस वर्षं तुमच्यावर पांघरूण घातलं मी," बाई म्हणाल्या. छान म्हणाल्या. "रात्री तुम्हाला गटारातून उचलून आणायचं आणि सकाळी लोकांना..." इथे त्यांची नजर फोटोवर गेली असणार. मला खुदकन आवाज ऐकू आला. मग आणखी. मग बाई हसायलाच लागल्या, भिंतीला हात टेकून, वाकून. गेलं, मी मनात म्हटलं. भाचीकडे बघायचा मला धीर होईना.

पण कट आलं नाही.

बाई हसत होत्या आणि मध्येच "सांगायचं... शेठजींना... बरं नाही" असं एकेक करून वाक्य संपवत होत्या. त्यांच्या तोंडावर लाळ आली होती, पदर पडला होता, आणि हसता हसता श्वास अडकून जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. नव्हता म्हणजे असेलही, मला कळलं नाही. त्या खाली बसल्या. डोळ्यांतून वाहत होतं आणि त्यात ग्लिसरीन नव्हतं, बाटली माझ्या शेजारी होती. मग त्या हळूहळू थांबल्या, फोटोकडे बघून एकदा मान हलवली, जशी घरच्या माणसाला "काय म्हणावं तुम्हाला" म्हणून हलवतो, आणि गप्प बसून राहिल्या.

 दादाचं तोंड उघडंच होतं.

"कट," भाची म्हणाली. आणि मग, "झाला."

"झाला म्हणजे?" बाईंनी जमिनीवरूनच विचारलं. "मी तर हसले."

"हो," भाची म्हणाली. "ती हसलीच असती." आणि चार दिवसांत पहिल्यांदा तीही हसली, मग नाक पुसलं, मग पुन्हा हसली.

"झालं असन तं तो हार काढा आधी," वहिनी दारातून म्हणाली. "बाया येऊन राहिल्या."

मी पुन्हा स्टुलावर चढले. हार हातात आला होता, फोटो अजून भिंतीवर, आणि त्याच वेळी दारात पहिली पाहुणी उभी राहिली. वहिनीची मोठी बहीण, उमरेडहून एसटीने आलेली. शूटिंग आहे हे तिला ठाऊक होतं, पण वहिनीनेच तिला सांगितलं होतं की शनिवारी संपेल. तिने बघितलं ते एवढंच: आमच्या यांचा फोटो, माझ्या हातात झेंडूचा हार, खाली पांढऱ्या साडीत जमिनीवर बसलेली रडक्या डोळ्यांची बाई, आणि पंधरा-वीस माणसं गप्प.

तिच्या हातातली तिळगुळाची पिशवी खाली पडली.

"अवं माह्या बाई वं!" तिने टाहो फोडला. "कसं झालं वं! कोनी फोनही नाही केला वं!" आणि मला काही बोलू न देता ती माझ्या पायांना मिठी मारून बसली. मी स्टुलावर, ती खाली. "असा देवमाणूस वं! जेवून जा म्हटलं तं दोनदा जेवणारा! कोनाले कधी उलटून बोलला नाही! आणि हे पाहा वं, हिच्या कपाळावर कुंकू तसंच!"

"तसंच राहणार आहे," मी म्हटलं. "पाय सोडा आधी, मी पडेन."

हे तोवर मागच्या दाराने आत येऊन चहाचा ट्रे घेऊन उभे होते. मी डोळ्यांनी खूण केली, पुढे या म्हणून. ते जागचे हलले नाहीत.

"बोलू दे तिले," हे हळूच म्हणाले. "चांगलं बोलून राहिली."

तिने वळून बघितलं. काही क्षण आम्हाला खरोखरच भीती वाटली की आता दुसऱ्याच फोटोची सोय बघावी लागते. मग तिने पडलेली पिशवी उचलली आणि ट्रेची पर्वा न करता यांच्या पाठीत हाणली. तिळाचे लाडू खोलीभर.

त्यानंतर जमलेल्या बायांनी यांना सोडलं नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला, त्याच्यासमोर रडणंही झालं, आता दृष्ट काढल्याशिवाय चालणार नाही, असं ठरलं. हळदीकुंकवाला आलेल्या नटलेल्या बायकांच्या मधोमध पाटावर हे एकटे पुरुष. उमरेडच्या बहिणीने मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या. एक म्हणाली, फोटोवरूनही ओवाळा. दुसरी म्हणाली, फेट्यात जास्त चांगले दिसतात. तिसरीने वाणाचा डबा यांच्या हातात दिला. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, पण घरात कोणालाच ठसका लागला नाही.

"पाहा, ठसकाही नाही, किती मोठी दृष्ट लागली होती," उमरेडची बहीण मला म्हणाली. मी हो म्हटलं. एरवी वाद घातला असता.

भाची कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो टेक पुन्हा पुन्हा बघत होती. दादा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "हे कौटुंबिक झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना लवकर उठवलं. चहा दिला नाही.

"काहून?" हे म्हणाले.

"उपाशीपोटी लागतं. चप्पल घाला."

दोन वर्षं ते रक्ताच्या तपासण्या टाळत होते. आज डबे जास्त आहेत, आज पाऊस आहे, पुढच्या महिन्यात बघू. त्या सकाळी टाळायला काही सुचायच्या आत मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं होतं. रामदासपेठेतल्या लॅबमध्ये आम्ही पहिलेच होतो. सुई टोचणाऱ्या मुलीने कागद बघितला, यांच्याकडे बघितलं. धडधाकट माणूस, पोटात काही नाही म्हणून चेहरा पडलेला.

"काय त्रास होतो काकांना?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्या करा."

मग बाजूच्या खुर्चीत बसून मीही बाही वर केली आणि नऊच्या आत खानावळीत जाऊन वरणाची डाळ धुतली.